विधेयक वाचायला किती दिवस? कायदा होण्याआधीच्या मुदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादं जाडजूड विधेयक दोन-चार दिवसांत मंजूर झालं की तोच वाद नव्याने सुरू होतो. हे कुणी वाचलं तरी होतं का? जनतेला विचारलं होतं का? मग कुणीतरी म्हणतं, ‘तीस दिवसांचा नियम आहे ना?’ आणि कुणीतरी म्हणतं, ‘लोकांना काय कळतंय कायद्यातलं!’ या चर्चांमध्ये हमखास येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. लिहिणारा तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मागणी नेमकी काय आहे?

दोन वेगवेगळ्या मुदती हव्यात. पहिली मसुद्याला: सरकारने विधेयक सभागृहात मांडण्याआधी ते लोकांसमोर ठेवावं, हरकती-सूचना मागवाव्यात आणि त्यांना उत्तरं द्यावीत. दुसरी अंतिम मजकुराला: ज्या शब्दांवर प्रत्यक्ष मतदान होणार आहे ते शब्द मतदानाच्या काही दिवस आधी सदस्यांच्या आणि जनतेच्या हातात असावेत.

बोललं जातं ते बहुतेक पहिलीबद्दल. माझ्या मते आपल्याकडे खरी गळती दुसऱ्या ठिकाणी आहे. लोकांना दाखवला जातो एक मसुदा, मंजूर होतो दुसराच, आणि मधल्या काळात काय बदललं हे कळायला कायदा राजपत्रात येईपर्यंत थांबावं लागतं.

पण असा नियम तर आधीच आहे ना?

नियम नाही, धोरण आहे. केंद्रीय सचिवांच्या समितीने १० जानेवारी २०१४ रोजी निर्णय घेतला आणि विधी मंत्रालयाने ५ फेब्रुवारी २०१४ ला तो सगळ्या मंत्रालयांना कळवला. त्यानुसार कोणत्याही प्रस्तावित कायद्याचा मसुदा, किंवा निदान त्यातल्या मुख्य गोष्टी, किमान ३० दिवस लोकांसाठी खुल्या ठेवायच्या. सोबत कायदा का हवा, खर्च किती, पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर आणि लोकांच्या उपजीविकेवर काय परिणाम होईल, हे लिहायचं. महत्त्वाच्या तरतुदी सोप्या भाषेत समजावणारी टीप द्यायची. आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा.

कागदावर उत्तम. फक्त हे सगळं परिपत्रकाच्या ताकदीचं आहे. एखाद्या मंत्रालयाला सल्लामसलत शक्य किंवा इष्ट वाटली नाही, तर मंत्रिमंडळासाठीच्या टिपणीत कारण नोंदवून ते ही पायरी वगळू शकतं. ती टिपणी आपल्याला दिसत नाही. म्हणजे नियम मोडला की पाळला, हे ठरवायचा कागदसुद्धा बंद पाकिटात. शिवाय हे धोरण केंद्रीय मंत्रालयांपुरतं आहे, राज्यांना ते लागू होत नाही.

निदान खासदारांना तरी प्रत वेळेवर मिळते का?

लोकसभा अध्यक्षांच्या निर्देशांनुसार विधेयक मांडण्याच्या किमान दोन दिवस आधी प्रती सदस्यांना मिळायला हव्यात. अध्यक्षांच्या परवानगीने ही अटही शिथिल होते, आणि ती होत असते. विधेयक मांडल्यानंतर चार वाटा असतात: लगेच विचारात घेणं, एका सभागृहाच्या समितीकडे पाठवणं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवणं किंवा लोकमत अजमावण्यासाठी ते प्रसृत करणं. चौथी वाट लोकसभेच्या नियम ७४ मध्ये आजही आहे. विरोधक अधूनमधून तशी सूचना मांडतात, ती आवाजी मतदानाने फेटाळली जाते आणि कामकाज पुढे सरकतं.

राहता राहिल्या समित्या. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) १६ टक्के.

लांबलचक विधेयकांनाच वेगळी वागणूक कशासाठी?

साधा हिशेब करू. भारतीय न्याय संहितेत ३५८ कलमं आहेत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५३१ आणि भारतीय साक्ष्य अधिनियमात १७०. एकूण १,०५९. जुन्या फौजदारी कायद्यांची जागा घेणाऱ्या या तिन्ही विधेयकांचा सुधारित मजकूर १२ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत मांडला गेला. २० तारखेला लोकसभेने आणि २१ तारखेला राज्यसभेने तो मंजूर केला. आठ दिवसांत १,०५९ कलमं, म्हणजे रोजची सुमारे १३२. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते, ते वेगळंच.

पानांची संख्या ही तर सोपी अडचण. खरी अडचण ही की लांब कायदा सरळ वाचत जाता येत नाही. एका कलमातला अपवाद दुसऱ्या प्रकरणात असतो, व्याख्या तिसरीकडे असते आणि शिक्षा अनुसूचीत. दुरुस्ती विधेयक असेल तर कहरच: ‘मूळ अधिनियमाच्या अमुक कलमाच्या पोट-कलम (२) मध्ये “किंवा” या शब्दाऐवजी “आणि” हा शब्द दाखल करण्यात येईल’ अशी वाक्यं पानोपानी. मूळ कायदा शेजारी उघडून बसल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये एका फटक्यात ४२ कायदे बदलले. आता ४२ कायदे शेजारी उघडून बसा.

आणि महत्त्वाची गोष्ट बहुधा शेवटी असते. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ याचं शेवटचं, ४४ वं कलम पाहा. त्यातल्या तिसऱ्या पोट-कलमाने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधले शब्द बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना ‘हिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का’ ही कसोटी त्या कलमातच होती. आता उरलं फक्त वैयक्तिक माहितीचं सरसकट अपवाद होणं. कलम ८(२) खाली व्यापक जनहिताची वाट शिल्लक आहे, पण ती लढून मिळवायची. माहिती अधिकारासाठी महाराष्ट्रात उपोषणं झाली, आंदोलनं झाली. तो कायदा बदलला गेला दुसऱ्याच कायद्याच्या शेपटात.

फौजदारी कायदे तर ऑगस्टपासून सगळ्यांसमोर होते. मग तक्रार कशाची?

बरोबर. पहिला मजकूर ११ ऑगस्ट २०२३ ला मांडला गेला, गृह खात्याशी संबंधित स्थायी समितीने तो तपासला आणि नोव्हेंबरमध्ये अहवाल दिले. मग वाहनचालक जानेवारी २०२४ मध्ये रस्त्यावर का उतरले?

न्याय संहितेच्या कलम १०६(२) मुळे. बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा मृत्यू ओढवला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता निघून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याची शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं होती. चालकांचं म्हणणं असं की अपघातानंतर थांबलो तर जमाव मारून टाकतो, पळालो तर दहा वर्षं. १ आणि २ जानेवारीला मनमाडजवळच्या पानेवाडीत इंधन डेपोंबाहेर टँकर उभे राहिले, महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी करून आश्वासन दिलं. फेब्रुवारीत अधिसूचना निघाली: तिन्ही कायदे १ जुलैपासून लागू, मात्र कलम १०६(२) सोडून.

दहा वर्षांची ही तरतूद ऑगस्टच्या मजकुरातही होती. म्हणजे ती चार-साडेचार महिने सर्वांसमोर होती आणि ज्यांच्या मानेवर बसणार होती त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. संकेतस्थळावर फाइल चढवली की काम संपलं, असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं. दिवस मोजणं सोपं आहे. वाहतूकदारांच्या संघटनेला पत्र पाठवून ‘तुमच्यासाठी हे कलम बदलतंय, काय म्हणणं आहे?’ असं विचारणंही तितकंच सोपं होतं. जी चर्चा विधेयक मांडण्याआधीच, जुलैत, करता आली असती ती रांगेत उभ्या असलेल्या दुचाकीवाल्यांच्या जिवावर जानेवारीत झाली.

मुदत दिल्याने कधी फायदा झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ताजं आहे. नवं आयकर विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ ला मांडलं गेलं: ५३६ कलमं, १६ अनुसूच्या, सहाशेहून अधिक पानं. ते बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे गेलं. लोकांनी, सनदी लेखापालांनी, संस्थांनी ते अक्षरशः चाळून काढलं. त्यात एक तरतूद अशी होती की परतावा हवा असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरलेलं असलं पाहिजे. वरवर शिस्तीची गोष्ट. पण एखाद्या निवृत्त माणसाचं उत्पन्न करपात्र नाही, बँकेने ठेवीच्या व्याजावर कर कापलेला आहे आणि आजारपणामुळे विवरणपत्र उशिरा भरलं, तर स्वतःचेच कापलेले पैसे परत मिळायचे नाहीत. समितीने ही तरतूद काढा म्हणून सांगितलं आणि ऑगस्टमधल्या नव्या मजकुरातून ती गेली. समितीच्या २१ जुलैच्या अहवालात एकूण २८५ शिफारशी होत्या.

इथवर सगळं छान. आता पुढचं. सरकारने ८ ऑगस्टला जुनं विधेयक मागे घेतलं, ११ ऑगस्टला सुधारित विधेयक लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी, काही मिनिटांत, ते मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. पहिल्या मुदतीला पैकीच्या पैकी गुण, दुसरीला शून्य. समितीने सांगितलेलं सगळं नीट उतरलं का, न सांगितलेलं काही आत आलं का, हे मतदानाआधी तपासायला कुणालाच वेळ नव्हता. कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हायचा होता. आठवडाभर थांबलं असतं तर कुणाचं काय अडलं असतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

विधेयक छोटं असेल तर घाई चालेल का?

मुळीच नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण देणारी १०३ वी घटनादुरुस्ती दोन-तीन पानांची होती. ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत मांडली आणि त्याच दिवशी मंजूर झाली, ९ तारखेला राज्यसभेत, १२ तारखेला राष्ट्रपतींची संमती. तुम्ही त्या आरक्षणाच्या बाजूचे असा वा विरोधातले, राज्यघटना बदलायला पाच दिवस हे प्रमाण कुणालाही खटकावं. म्हणून किमान मुदत सगळ्यांना हवी. लांबी वाढली की ती वाढावी, एवढंच.

किती दिवस असावेत? आकडा सांगा.

माझा आकडा: ५० कलमांपर्यंत ३० दिवस, २०० कलमांपर्यंत ६० आणि त्यापुढे ९०. अंतिम मजकुराला किमान सात दिवस. मंजुरीच्या टप्प्यावर सरकारने दुरुस्ती आणली तर ७२ तास. सोबत जुना मजकूर डावीकडे, नवा उजवीकडे असा तक्ता सक्तीचा. या आकड्यांवर वाद घालायला जागा आहे. तक्त्यावर नाही. तो मंत्रालयाकडे मसुदा करतानाच तयार असतो, फक्त आपल्याला दिला जात नाही.

महाराष्ट्रात काय परिस्थिती आहे?

गंमत अशी की ‘हरकती व सूचना’ ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना कायद्यानुसार हरकती मागवाव्याच लागतात, सुनावणी द्यावीच लागते. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचा २०१५ मधला मसुदा तर इतका चुकांनी भरलेला निघाला की सरकारला तो नव्याने करायला सांगावं लागलं. आपल्या गल्लीतला रस्ता नऊ मीटरचा की बारा, यावर हरकत घेण्याचा हक्क आपल्याला कायद्याने आहे. राज्याचा अख्खा कायदा बदलताना मात्र तो सरकारच्या मर्जीवर.

विधानमंडळात विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं तर दार उघडतं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं तसं झालं. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात आलेलं हे विधेयक रखडलं, डिसेंबरमध्ये नागपूरला पुन्हा मांडलं गेलं आणि चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. मजकुरात बदलही झाले: कायद्याचा रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तत्सम संघटनांवर असल्याचं स्पष्ट केलं गेलं, तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला गेला. हे बदल पुरेसे होते का, यावर कडाक्याचा मतभेद आहे. माझा मुद्दा वेगळा. समितीचा अहवाल येणं आणि सुधारित विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत मंजूर होणं, हे एकाच आठवड्यात उरकलं. ज्यांनी बारा हजार हरकती पाठवल्या त्यांना आपली हरकत घेतली की टाकली हे बघायलाही उसंत मिळाली नाही.

आणि गोव्यात?

गोव्याचं भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक, २०२१ हे या विषयातलं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, ३० जुलैला, घाईघाईत मंजूर झालं. तीस वर्षं गोव्यात राहिलेल्यांना ‘भूमिपुत्र’ ठरवून छोट्या घराची मालकी मिळवून देण्याची ती योजना होती. ‘भूमिपुत्र’ हा शब्द तिथल्या मूळ समाजांच्या, विशेषतः आदिवासींच्या, वर्मी लागला आणि राज्यभर संताप उसळला. मग मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी नावातून तो शब्द काढण्याचं जाहीर केलं आणि लोकांकडून सूचना मागवल्या. विधेयक मंजूर केल्यावर! राज्यपालांकडे ते गेलंच नाही. आधी महिनाभर विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं असतं की बाबांनो, नावापासूनच चुकतंय.

हजारो, लाखो सूचना आल्या तर वाचणार कोण?

रास्त प्रश्न. वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या संयुक्त संसदीय समितीकडे सुमारे ९७ लाख निवेदनं आली. त्यात एकच मजकूर छापून पाठवलेली किती असतील याचा अंदाज कुणीही करू शकतो. अशा मोहिमा दोन्ही बाजूंनी चालतात.

पण हरकती म्हणजे मतदान नव्हे. एकच मुद्दा लाख वेळा आला तरी तो एकच मुद्दा, आणि एका माणसाने पकडलेली खरी चूक एकदाच आली तरी पुरे. कलमवार वर्गवारी करा, प्रत्येक कलमापुढे आलेले मुद्दे लिहा, त्यापुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य, कारण…’ असं लिहा आणि प्रसिद्ध करा. महापालिकांची नियोजन समिती हेच करते.

याच्या नेमकं उलट काय असतं ते विदा संरक्षण विधेयकाच्या वेळी दिसलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मसुदा आला, सूचना मागवल्या, मुदतवाढही दिली. पण आलेल्या सूचना प्रसिद्ध करणार नाही, त्या विश्वासाने दिलेल्या आहेत, अशी भूमिका घेतली. लोकांना मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून, असं कारण. कुठल्या कंपनीने काय मागितलं आणि तिला काय मिळालं, हे मात्र त्यामुळे झाकलं गेलं.

मसुदा इंग्रजीत असतो. सामान्य माणसाने काय करायचं?

२०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुद्याचा अनुवाद राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत करून प्रसिद्ध करायला सांगितलं. केंद्राने त्याला कडवा विरोध केला. कोकणातल्या खाणपट्ट्यात किंवा चंद्रपूरच्या कोळसा भागात राहणाऱ्यांवर ज्याचा थेट परिणाम होणार, तो मसुदा त्यांना मराठीत मिळावा ही फार मोठी चैन आहे का?

राज्याच्या विधेयकांची अडचण कमी, ती मराठीत असतात. ते मराठी कुणाला कळतं हा प्रश्न वेगळा. ‘परंतुक’, ‘व्यावृत्ती’, ‘अनुषंगिक’ यांच्या जंगलातून वाट काढताना वकीलसुद्धा गुपचूप इंग्रजी प्रत उघडतात. म्हणून सोप्या भाषेतली टीप हवी.

मुदतीच्या नावाखाली चांगले कायदेही लटकतील, त्याचं काय?

लटकतात. जादूटोणाविरोधी कायदा हा त्याचा जिवंत पुरावा. वर्षानुवर्षं मसुदे झाले, आक्षेप आले, बदल झाले, पुन्हा आक्षेप आले. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्याच आठवड्यात सरकारने अध्यादेश काढला. डिसेंबरमध्ये कायदा झाला.

पण हे चर्चेला शेवटची तारीख नसल्यामुळे घडलं. मुदत दोन्ही बाजूंनी बांधते: सरकारला म्हणते इतके दिवस थांब, विरोध करणाऱ्याला म्हणते इतक्या दिवसांत बोल. नव्वद दिवसांनंतर मसुदा सभागृहात आलाच पाहिजे असंही त्याच नियमात लिहिता येतं. चर्चा अनंतकाळ चालवून कायदा मारणं ही सुद्धा एक जुनी युक्ती आहेच.

खरोखर तातडी असेल तर?

अपवाद ठेवावा, पण त्याची किंमत मोजायला लावावी: कारणं सभागृहात लेखी मांडावीत, दोन तृतीयांश मतांनी मुदत माफ व्हावी आणि असा कायदा सहा महिन्यांत पुन्हा सभागृहापुढे यावा. ‘अधिवेशन संपत आलंय’ ही तातडी नव्हे.

अध्यादेश काढला की हे सगळं निरर्थकच ना?

बऱ्याच अंशी. तीन कृषी कायदे ५ जून २०२० ला अध्यादेश म्हणून आले. विधेयकं १४ सप्टेंबरला मांडली गेली आणि २२ तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांतून पार झाली, समितीकडे न जाता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्थगिती दिली आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला संसदेने ते रद्द केले. रद्द करणारं विधेयकही दोन्ही सभागृहांत एका दिवसात, चर्चेविना. आणताना विचारलं नाही, नेतानाही नाही.

या विषयावर मूलभूत काम पुण्यात झालं आहे, हे फार थोड्यांना आठवतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रं तपासून दाखवून दिलं की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये त्यांच्या याचिकेवर हा प्रकार म्हणजे राज्यघटनेशी केलेली लबाडी असल्याचं ठरवलं. अध्यादेश काढण्याचा अधिकार देणारे अनुच्छेद १२३ आणि २१३ तसेच आहेत. त्यांना मुदतीचा नियम लावता येणार नाही. अध्यादेशाच्या जागी येणाऱ्या विधेयकाला मात्र समिती सक्तीची करता येईल.

दुसरे देश काय करतात?

कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये मतदारांनी सार्वमताने राज्यघटनाच बदलली. विधेयकाचा अंतिम मजकूर मतदानाआधी ७२ तास इंटरनेटवर असलाच पाहिजे. तिथे जुन्या विधेयकाचं पोट रिकामं करून त्यात शेवटच्या रात्री नवाच मजकूर भरण्याची प्रथा बोकाळली होती. त्याच अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा पेट्रियट कायदा २३ ऑक्टोबर २००१ ला मांडला गेला आणि २६ तारखेला त्यावर सही झाली.

स्वित्झर्लंडमध्ये सल्लामसलतीला साधारण तीन महिने मिळतात आणि मंजूर कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५० हजार सह्या जमल्या तर सार्वमत घ्यावं लागतं. सर्वांत कडक दक्षिण आफ्रिका. तिथल्या घटना न्यायालयाने २००६ मध्ये लोकांना पुरेसं सहभागी करून घेतलं नाही म्हणून दोन कायदे अवैध ठरवले आणि संसदेला १८ महिन्यांत ते पुन्हा नीट करायला सांगितलं.

मग आपल्याकडेही न्यायालयात जाता येईल का?

फारशी आशा धरू नका. अनुच्छेद १२२ आणि २१२ नुसार सभागृहाच्या कामकाजातल्या अनियमिततेवरून न्यायालयात जाता येत नाही. कायद्याखाली सरकार आणि नियामक संस्था करतात त्या नियमांच्या आणि विनियमांच्या बाबतीत जमीन जरा भक्कम आहे. फोन मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया द्या, हा दूरसंचार नियामकाचा विनियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. कारणांपैकी एक होतं पारदर्शकतेचा अभाव. सूचना मागवून, त्यांना उत्तरं देऊनच नियम करावेत असा सर्वसाधारण कायदा संसदेने करावा, असंही न्यायालयाने त्या निकालात सुचवलं. तो अजून झालेला नाही.

ही सुधारणा आणायला घटनादुरुस्ती लागेल का?

नाही. अनुच्छेद ११८ खाली संसदेची आणि २०८ खाली विधानमंडळाची सभागृहं आपले नियम स्वतः करतात. अंतिम मजकुराला सात दिवस देण्याचा नियम साध्या बहुमताने होऊ शकतो. महाराष्ट्र विधानसभेने हा नियम दिल्लीची वाट न बघता केला, तर अडवणारं कुणी नाही.

मी सूचना पाठवायची तर कशी लिहू?

पहिल्या ओळीत कलमाचा क्रमांक. दुसऱ्या ओळीत अडचण, एका खऱ्या माणसाला लावून दाखवलेली: ‘माझ्या आईला असं होईल.’ तिसऱ्या ओळीत पर्यायी शब्द, जसेच्या तसे कायद्यात बसतील असे. सरकारची ध्येयधोरणं, देशाची संस्कृती, लोकशाहीचं भवितव्य यांवरचे परिच्छेद काढून टाका. ते वाचणारा कक्ष अधिकारी दिवसाला शेकडो पत्रं वाचतो आणि त्याच्या तक्त्यात फक्त तीन रकाने असतात. शेजारच्याची सूचना नक्कल करून पाठवू नका. तुम्ही दुकानदार असाल तर दुकानात काय होईल ते लिहा, नर्स असाल तर वॉर्डात काय होईल ते. पोच ठेवा.

मुदत संपून गेली. आता काही उपयोग नाही ना?

विधेयक समितीकडे गेलं असेल तर समिती स्वतंत्रपणे निवेदनं मागवते. वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि बहुधा पंधरा दिवसच मिळतात, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं. तेही हुकलं तर आपल्या आमदाराला किंवा खासदाराला कलमाचा क्रमांक घालून दुरुस्तीचा तयार मजकूर द्या. सदस्य दुरुस्ती सुचवू शकतो आणि ती फेटाळली गेली तरी नोंद राहते.

शिवाय कायदा झाला तरी अर्धं काम नियमांत असतं. फी किती, अर्ज कुणाकडे, किती दिवसांत, हे सगळं ‘विहित करण्यात येईल’ असं म्हणून पुढे ढकललेलं असतं. ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर’ नियम करावेत असं मूळ कायद्यात लिहिलं असेल, तर सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २३ नुसार मसुदा प्रसिद्ध करून हरकती विचारात घ्याव्याच लागतात. विदा संरक्षण कायद्याचे मसुदा नियम ३ जानेवारी २०२५ ला आले, सूचनांची मुदत १८ फेब्रुवारीवरून ५ मार्चपर्यंत वाढली आणि अंतिम नियम नोव्हेंबरमध्ये निघाले. तुमचा कायदा कोणता ते पाहा, त्यातलं नियम करण्याच्या अधिकाराचं कलम काढा (ते बहुधा शेवटच्या काही कलमांत असतं) आणि ‘पूर्वप्रसिद्धी’ हा शब्द आहे का ते तपासा.